प्रतिपिंडांची साक्ष आणि मेंदूच्या आजाराचे भवितव्य

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला मेंदूचा आजार झाला की उपचार करणारे डॉक्टर आणि घरची माणसे यांच्यापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात : आजार नेमका कोणता, आणि रुग्ण यातून बरा होणार का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला वैद्यकशास्त्रात निदान म्हणतात, तर दुसऱ्याच्या उत्तराला पूर्वानुमान. ताप, न थांबणारी डोकेदुखी, झटके, एका बाजूचा लुळेपणा, बोलण्यात अडखळणे, वागण्यातला बदल ही लक्षणे अनेक आजारांत सारखीच दिसतात आणि प्रत्येक आजाराचा उपचार मात्र वेगळा असतो, त्यामुळे रक्ताच्या व पाठीतल्या पाण्याच्या तपासण्यांना येथे मोठे महत्त्व येते. या तपासण्यांपैकी प्रतिपिंडांच्या चाचण्या जुन्या, सुलभ आणि चुकीचा अर्थ लावला जाण्याची बरीच शक्यता असलेल्या आहेत.

प्रतिपिंड म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या घटकाला, म्हणजेच प्रतिजनाला, नेमके चिकटणारे प्रथिन. बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींपासून तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशी ते बनवतात. संसर्गाच्या सुरुवातीला प्रामुख्याने आयजीएम या वर्गातील प्रतिपिंड दिसतात, नंतर आयजीजी वर्गातील प्रतिपिंड तयार होतात आणि ते अनेकदा आयुष्यभर टिकतात. चांगल्या प्रतीचे प्रतिपिंड बनवण्यासाठी बी पेशींना सीडी-4 या खुणेच्या टी पेशींची मदत लागते, आणि एचआयव्ही नेमक्या याच पेशींचा नाश करतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात एका घन मिलिमीटरमागे साधारण 500 ते 1500 सीडी-4 पेशी असतात. त्या 200 पेक्षा कमी झाल्या की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ती एचआयव्ही आजाराची प्रगत अवस्था ठरते. या अवस्थेत अस्थिमज्जेतील दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी जुन्या संसर्गाचे प्रतिपिंड बनवत राहतात, नव्या संसर्गाला मिळणारा प्रतिसाद मात्र दुबळा पडतो. त्यातच एचआयव्हीमुळे बी पेशी दिशाहीनपणे उद्दीपित होतात, रक्तातील एकूण आयजीजी वाढते आणि तरीही त्यातून संरक्षण मिळत नाही. म्हणून अशा रुग्णात प्रतिपिंड सापडले म्हणजे आजार सापडला असे होत नाही, आणि ते सापडले नाहीत म्हणजे आजार नाही असेही ठामपणे म्हणता येत नाही.

एचआयव्हीची स्वतःची चाचणी

एचआयव्हीचा शोध पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक मोंतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये लावला आणि 1985 मध्ये त्याच्या प्रतिपिंडांची एलायझा चाचणी अमेरिकेत वापरात आली. भारतातील संसर्गाचा पहिला पुरावाही प्रतिपिंडांच्या चाचणीतूनच मिळाला : 1986 मध्ये चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनिती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेल्या तपासणीत त्यांतील काही नमुने पॉझिटिव्ह आले.

बहुतेक विषाणूंच्या बाबतीत प्रतिपिंड असणे हे बरे झाल्याचे किंवा संरक्षण मिळाल्याचे लक्षण असते. एचआयव्हीत तसे होत नाही, कारण हा विषाणू आपल्या बाह्यावरणाची रचना सतत बदलत राहतो आणि प्रतिपिंड तयार होईपर्यंत त्याचे पुढचे रूप आलेले असते. त्यामुळे येथे प्रतिपिंड असणे म्हणजे संसर्ग चालू असणे असाच अर्थ घेतला जातो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आईचे आयजीजी प्रतिपिंड वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि वयाच्या 18 महिन्यांपर्यंत आढळू शकतात, म्हणून एवढ्या लहान बाळाची वाढ खुंटली, डोके वयाच्या मानाने लहान राहिले किंवा शिकलेल्या हालचाली ते विसरू लागले, तरी त्यामागे एचआयव्ही आहे की नाही हे प्रतिपिंडांवरून ठरवता येत नाही आणि विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर पद्धतीची चाचणी करावी लागते.

मेंदूभोवतीच्या द्रवात

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती मस्तिष्कमेरुद्रव नावाचा स्वच्छ द्रव असतो. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो काढण्यालाच बोलीभाषेत पाठीतले पाणी काढणे म्हणतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसरामुळे रक्तातील प्रथिनांचा फारच थोडा भाग या द्रवात येतो, परंतु जंतुसंसर्गात हा अडसर सैल होतो आणि रक्तातील प्रतिपिंड द्रवात झिरपू लागतात. त्यामुळे द्रवात एखाद्या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड आढळले, तर ते मेंदूच्या परिसरात तयार झाले की रक्तातून आले, हे आधी ठरवावे लागते.

त्यासाठी प्रतिपिंड निर्देशांक काढतात. विशिष्ट जंतूविरुद्धच्या आयजीजीचे द्रवातील प्रमाण रक्तातील प्रमाणाने भागायचे, एकूण आयजीजीच्या बाबतीतही तसेच करायचे, आणि पहिल्या भागाकाराला दुसऱ्याने पुन्हा भागायचे. समजा, एकूण आयजीजी द्रवात रक्ताच्या अडीचशेव्या भागाइतके आहे आणि त्या विशिष्ट जंतूविरुद्धचे आयजीजीही अडीचशेव्या भागाइतकेच आहे, तर निर्देशांक 1 येतो आणि सर्व प्रतिपिंड रक्तातून झिरपले असे मानता येते. परंतु विशिष्ट आयजीजी पन्नासाव्या भागाइतके असेल, तर निर्देशांक 5 येतो, आणि इतके प्रतिपिंड केवळ झिरपून येणे शक्य नसल्याने ते तेथेच तयार होत आहेत असा निष्कर्ष निघतो. साधारणपणे 1.5 च्या वरचा निर्देशांक स्थानिक निर्मितीचा पुरावा समजला जातो.

टोक्सोप्लाझ्मा : जुन्या संसर्गाचे पुनरुज्जीवन

प्रतिपिंड चाचणीचा सर्वांत नेमका उपयोग टोक्सोप्लाझ्मा गाँडी या एकपेशीय परजीवीच्या बाबतीत दिसतो. ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना 1908 मध्ये तो उत्तर आफ्रिकेतील गुंडी नावाच्या, उंदरासारख्या प्राण्यात सापडला. मांजर हा त्याचा अंतिम यजमान असून, मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती व पाणी किंवा अर्धेकच्चे मांस यांतून तो माणसात येतो. निरोगी माणसाला त्याचा संसर्ग बहुधा जाणवतही नाही. परजीवी मेंदूत व स्नायूंत सूक्ष्म कोषांच्या रूपात सुप्त राहतो आणि रक्तात आयजीजी प्रतिपिंड कायमचे राहतात. हे प्रतिपिंड मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत अल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी 1948 मध्ये मांडली. सेबिन म्हणजे तोंडावाटे द्यायची पोलिओ लस तयार करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या चाचणीत जिवंत परजीवी निळ्या रंगद्रव्यात टाकले जात. ते एरवी गडद निळे होत, पण रुग्णाच्या रक्तद्रवात प्रतिपिंड असले की परजीवींचे आवरण फाटे आणि ते रंग घेत नसत.

सीडी-4 पेशी 100 च्या खाली गेल्या की सुप्त कोष जागे होऊन मेंदूत गाठी तयार करू शकतात. आजार जुन्या संसर्गाच्या पुनरुज्जीवनातून होत असल्याने बहुतेक रुग्णांत आयजीजी आढळते आणि आयजीएम आढळत नाही. म्हणूनच येथे नकारात्मक अहवाल सकारात्मक अहवालापेक्षा अधिक माहिती देतो : एमआरआयमध्ये कडेने उजळणाऱ्या गोलाकार गाठी दिसल्या आणि आयजीजी नसले, तर टोक्सोप्लाझ्मोसिसची शक्यता बरीच कमी होते आणि क्षयरोगाची गाठ किंवा मेंदूतील लिम्फोमा हा कर्करोग यांचा विचार पुढे येतो. उलट आयजीजी असले तर शक्यता वाढते, पण निदान पक्के होत नाही, कारण तेच प्रतिपिंड त्या वस्तीतील असंख्य निरोगी माणसांतही असतात. लिम्फोमाच्या बाबतीत तर ज्या एपस्टीन-बार विषाणूशी त्याचा संबंध आहे त्याचे प्रतिपिंड जवळजवळ प्रत्येक प्रौढात असल्याने रक्तातील प्रतिपिंडांचा काहीच उपयोग होत नाही, आणि द्रवातील विषाणूचे डीएनए शोधावे लागते.

निदान पक्के नसतानाही उपचार सुरू करून त्यांना मिळणाऱ्या प्रतिसादावरून निष्कर्ष काढण्याची पद्धत येथे रूढ आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो 1993 मध्ये प्रसिद्ध झाला, 49 पैकी 35 रुग्णांना उपचारांचा गुण आला आणि त्यांतील 86 टक्के रुग्णांत सातव्या दिवसापर्यंतच किमान निम्म्या लक्षणांत सुधारणा दिसली. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांत सुधारणा झाली नाही, तर निदानाचा फेरविचार करायचा आणि गरज पडल्यास मेंदूतील गाठीचा तुकडा तपासायचा असे ठरून गेले. रुग्ण कितपत बरा होईल हे येथे प्रतिपिंडांच्या आकड्यावरून कळत नाही. पहिल्या पंधरवड्यात हातापायांत येणारी शक्ती आणि शुद्धीत होणारी सुधारणा हेच पूर्वानुमानाचे खरे माप असते. प्रतिपिंडांचा मोठा फायदा आजाराच्या आधी आहे. आयजीजी असलेल्या आणि सीडी-4 पेशी 100 पेक्षा कमी असलेल्या व्यक्तीला प्रतिबंधक औषध मिळाले नाही, तर मेंदूचा आजार होण्याची शक्यता सुमारे 30 टक्के मानली जाते, आणि को-ट्रायमोक्साझोलच्या स्वस्त गोळ्यांनी ती बऱ्याच अंशी टाळता येते.

जेसी विषाणू : एकच चाचणी, दोन अर्थ

प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच पीएमएल, हा मेंदूतील पांढऱ्या द्रव्याचा आजार 1958 मध्ये वर्णिला गेला आणि त्याला कारणीभूत असणारा विषाणू 1971 मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतून वेगळा करण्यात आला. त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला जेसी विषाणू म्हणतात. निम्म्याहून अधिक प्रौढांत त्याचे प्रतिपिंड असतात, तरी आजार मात्र प्रतिकारशक्ती ढासळलेल्या थोड्यांनाच होतो. त्यात तंतूंवरील मायलिनचे आवरण बनवणाऱ्या पेशीच विषाणू मारतो, त्यामुळे काही आठवड्यांत दृष्टी, बोलणे किंवा चालणे बिघडत जाते. पीएमएल झालेल्या रुग्णांच्या रक्तात बहुधा प्रतिपिंड आधीपासून असतात, म्हणजे ते आजार रोखू शकलेले नसतात. निदान द्रवातील विषाणूच्या डीएनएवरून करावे लागते.

हीच रक्तचाचणी दुसऱ्या एका आजारात मात्र निर्णायक ठरली. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील नॅटॅलिझुमॅब हे औषध 2004 च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आले आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना पीएमएल झाल्याचे आढळल्यावर 2005 मध्ये मागे घेतले गेले. पुढच्या वर्षी ते कडक अटींसह परतले. आता ते देण्यापूर्वी व देत असताना जेसी विषाणूचे प्रतिपिंड मोजतात. ते नसतील तर धोका अत्यल्प असतो, आणि मोजणीचा निर्देशांक 1.5 च्या वर असेल तर दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत धोका लक्षणीय वाढतो. येथे आकड्याला किंमत आहे, कारण त्यावरून एक निर्णय घेता येतो : औषध बदलता येते. एचआयव्हीत असा पर्याय नसतो. प्रतिपिंड असोत वा नसोत, प्रत्येकाला विषाणूविरोधी उपचार, म्हणजेच एआरटी, द्यायचेच असतात. चाचणीच्या उत्तराने पुढची कृती बदलणार नसेल, तर त्या उत्तराला पूर्वानुमानात फारसे स्थान उरत नाही.

एआरटीपूर्व काळात एचआयव्हीसह पीएमएल झालेल्यांपैकी सुमारे दहांतील एकच रुग्ण वर्षभर जगत असे. प्रभावी औषधसंयोग आल्यानंतर साधारण निम्मे रुग्ण वर्षाच्या पुढे जगू लागले. कोण तगून राहील याचा अंदाज सीडी-4 पेशींची संख्या, द्रवातील विषाणूचे प्रमाण आणि विशेषतः जेसी विषाणूला ओळखणाऱ्या सीडी-8 टी पेशींची उपस्थिती यांवरून बांधला जातो. एआरटी सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती सावरू लागली की काही रुग्णांच्या द्रवात जेसी विषाणूविरुद्धचे स्थानिक प्रतिपिंड वाढतात. ही वाढ शरीराने लढा पुन्हा सुरू केल्याची खूण आहे, पण त्याच वेळी मेंदूत सूज वाढून लक्षणे तात्पुरती बिघडू शकतात. प्रतिकारशक्ती परतताना उद्भवणाऱ्या या दाहाला आयरिस म्हणतात, आणि हा बिघाड कशाचा आहे हे ओळखणे फार महत्त्वाचे असते, कारण औषध निष्फळ ठरले असे समजून एआरटी बंद करणे जिवावर बेतू शकते.

सिफिलिस : जेथे आकडा खाली येतो

प्रतिपिंडांचा आकडा खरोखर पूर्वानुमान सांगतो असा आजार म्हणजे मज्जासंस्थेचा सिफिलिस. ऑगस्ट फॉन वासरमान यांनी 1906 मध्ये त्याची पहिली रक्तचाचणी मांडली आणि आज सर्वत्र होणारी व्हीडीआरएल चाचणी त्याच परंपरेतील आहे. ती जंतूविरुद्धचे प्रतिपिंड मोजत नाही; जंतूमुळे इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या कार्डिओलिपिन या स्निग्ध द्रव्याविरुद्धचे प्रतिपिंड मोजते. रक्तद्रव टप्प्याटप्प्याने दुप्पट पातळ करत नेतात आणि ज्या शेवटच्या टप्प्यावर प्रतिक्रिया दिसते तो टायटर म्हणून नोंदवतात. म्हणजे 1:32 चा अहवाल 1:8 वर आला तर प्रतिपिंड चौपट कमी झाले आणि पेनिसिलिनचा गुण आला असे समजतात.

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीत टायटर 1:32 किंवा त्याहून अधिक असणे, तसेच सीडी-4 पेशी 350 किंवा त्याहून कमी असणे, या दोन्ही गोष्टी जंतू मज्जासंस्थेत पोहोचल्याची शक्यता वाढवतात. द्रवातील व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आणि सुई घालताना द्रवात रक्त मिसळलेले नसले, तर निदान जवळजवळ निश्चित होते. ती निगेटिव्ह आली म्हणून मात्र आजार नाकारता येत नाही. याउलट जंतूविरुद्धचे विशिष्ट प्रतिपिंड उपचारांनंतरही आयुष्यभर राहतात, म्हणून त्यांवरून आजार बरा झाला की नाही हे कळत नाही.

जेथे प्रतिपिंडांवर विसंबू नये

भारतात एचआयव्हीसोबत येणाऱ्या मेंदूच्या आजारांत क्षयरोगजन्य मेंदूज्वर अग्रभागी आहे आणि क्षयाच्या रक्तातील प्रतिपिंड चाचण्या एकेकाळी खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत असत. त्या इतक्या बेभरवशाच्या ठरल्या की जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्या वापरू नयेत अशी स्पष्ट शिफारस केली आणि भारत सरकारने 2012 मध्ये त्यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली. निरोगी माणसाला क्षयरोगी ठरवणारी आणि क्षयरोग्याला घरी पाठवणारी चाचणी पैसे वाया घालवते, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती वेळ वाया घालवते, आणि मेंदूज्वरात वेळ हेच पूर्वानुमान असते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1948 मध्ये घालून दिलेल्या तीन पायऱ्या आजही तेच सांगतात : पूर्ण शुद्धीत असताना उपचार सुरू झालेल्या रुग्णाच्या आणि बेशुद्धीत दाखल झालेल्या रुग्णाच्या भवितव्यात फार मोठे अंतर असते.

क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात शास्त्रज्ञांनी प्रतिपिंडांचा वापर उलट दिशेने केला. रुग्णाचे प्रतिपिंड शोधण्याऐवजी प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड चाचणीच्या पट्टीवर बसवले आणि त्यांच्या साहाय्याने बुरशीच्या आवरणातील प्रतिजन शोधले. गर्भधारणेच्या चाचणीसारखी दिसणारी ही पट्टी रक्ताच्या थेंबातही, लक्षणे सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, प्रतिजन पकडू शकते. म्हणून ज्यांच्या सीडी-4 पेशी 100 पेक्षा कमी आहेत त्यांची ही तपासणी लक्षणे नसतानाही करण्याची शिफारस आहे. या आजारात रुग्णाची शुद्ध हरपलेली असणे, द्रवाचा दाब वाढलेला असणे, द्रवात बुरशी खूप आणि पांढऱ्या पेशी थोड्या असणे या वाईट खुणा मानल्या जातात. शेवटची खूण विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण द्रवात पेशी नसणे म्हणजे शरीराने संसर्गाला उत्तरच दिलेले नसते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या व 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एआरटी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेल्या गटात 26 आठवड्यांअखेर 45 टक्के रुग्ण दगावले, तर सुमारे पाच आठवड्यांनी सुरू केलेल्या गटात 30 टक्के. आणि द्रवात पेशी फार कमी असलेल्यांत घाईचा तोटा सर्वाधिक होता.

पहिली चाचणी, सर्वांत मोठा परिणाम

या साऱ्या आजारांकडे एकत्र पाहिले तर एक सूत्र स्पष्ट होते. प्रतिपिंड संसर्गाशी झालेल्या भेटीची नोंद देतात. रुग्णाचे भवितव्य मात्र सीडी-4 पेशींची सर्वांत खाली गेलेली पातळी, उपचार सुरू होताना असलेली शुद्धी, एआरटीची योग्य वेळ आणि ती नियमित घेण्याची शक्यता यांवर ठरते. एचआयव्हीमुळे थेट होणाऱ्या स्मृती व विचारशक्तीच्या बिघाडातही हेच दिसते : सीडी-4 पेशी एकदा फार खाली गेल्या की औषधांनी विषाणू आटोक्यात आल्यावरही बुद्धीचे काही नुकसान मागे राहू शकते.

म्हणूनच मेंदूच्या आजाराचे पूर्वानुमान सर्वांत अधिक बदलणारी प्रतिपिंड चाचणी रुग्णालयातील खाटेवर होत नाही; ती अनेक वर्षे आधी, पूर्ण निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तावर होणारी एचआयव्हीची साधी चाचणी आहे. भारतात 1 एप्रिल 2004 पासून, सुरुवातीला महाराष्ट्रासह संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत, मोफत एआरटी मिळू लागली आणि 2017 पासून सीडी-4 पेशींची संख्या न पाहता निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे. जो लवकर तपासला जातो त्याच्या पेशी 100 च्या खाली जाण्याची वेळच सहसा येत नाही, आणि टोक्सोप्लाझ्मा, जेसी विषाणू व क्रिप्टोकॉकस यांना त्याच्या मेंदूत आजार निर्माण करण्याची संधी सहसा मिळत नाही. तरीही अनेक जण भीतीपोटी व लाजेपोटी ही चाचणी टाळतात आणि झटका येऊन किंवा बेशुद्ध पडून दवाखान्यात आल्यावरच त्यांना संसर्ग कळतो. संमतीशिवाय चाचणी न करण्याचे आणि अहवाल गुप्त ठेवण्याचे बंधन 2017 च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने घातले आहे ते याचसाठी, की माणसाने निर्भयपणे चाचणीसाठी यावे. हे बंधन प्रत्येक दवाखान्याने, प्रयोगशाळेने आणि कुटुंबाने मनापासून पाळणे हा मेंदू वाचवण्याच्या उपचाराचाच भाग आहे, आणि त्याला कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.